सावरघाट पडत नाही

नाशिकमध्ये खेळल्या गेलेल्या एकाही डावात सावरघाट शहर पडले नाही. तसाच पट, तशाच सोंगट्या आणि तेच नियम घेऊन पुण्यात जे डाव झाले, त्यांतल्या प्रत्येकात ते किमान दोनदा पडले.

सावरघाट नकाशावर सापडणार नाही. माझी भाची तेजस्विनी हिने तीन वर्षे खपून एक युद्धखेळ तयार केला आहे, त्यातले ते शहर आहे. खरे शहर का घेतले नाहीस, असे मी तिला सुरुवातीलाच विचारले होते. इतिहासातले शहर घेतले की लोक खेळत नाहीत, एकमेकांच्या पूर्वजांचा उद्धार करत बसतात, असे तिचे उत्तर होते आणि ते मला पटले. तिने नदीचे एक वळण काढले, वळणात तटबंदीचे शहर बसवले आणि बंदरावरून घाट चढून उत्तरेला जाणारा रस्ता त्या शहराच्या एकुलत्या एका पुलावरून नेला. पूल ज्याच्या हाती, त्याच्या हाती मीठ, घोडे आणि जकात. त्यामुळे काळ्या आणि तांबड्या अशा दोन्ही राज्यांना हे शहर हवे असते. एका डावात पाच मोहिमा असतात. प्रत्येक मोहीम दसऱ्याला सुरू होते आणि पावसाळा आला की संपते. त्या वेळी शहर ज्याच्याकडे असेल तो पुढल्या मोहिमेत राखणारा, दुसरा हल्ला करणारा. पाच मोहिमांत शहर या हातातून त्या हातात फिरावे, हीच या खेळाची गंमत. ते फिरलेच नाही तर एक खेळाडू सबंध दुपार तटाच्या आत बसतो, दुसरा बाहेर, आणि दोघांनाही चहाची आठवण होऊ लागते.

नाशिकमध्ये नेमके हेच होत होते.

पुण्याचे शेखर नावाचे प्रकाशक असे पटावरचे खेळ छापतात. तेजस्विनीचा खेळ त्यांनी स्वीकारला होता आणि दिवाळीपूर्वी तो बाजारात आणायचे ठरले होते. छपाईला देण्याआधी त्यांनी दोन्ही गावांतल्या डावांचे निकाल मागवले आणि हा फरक पाहून काम थांबवले. त्यांचे म्हणणे सरळ होते. एका गावात शहर पडतच नसेल तर ते फार भक्कम झाले आहे. तटाची ताकद सहावरून चारवर आणावी. तेजस्विनीचे म्हणणेही सरळ होते. तट चारचा केला तर पुण्यात शहर पहिल्याच मोहिमेत कोसळेल आणि खेळात खेळण्यासारखे काही उरणार नाही. पण नाशिकमध्ये ते का पडत नाही, हे तिला सांगता येत नव्हते. शेखर यांनी तिला गणपतीपर्यंत मुदत दिली. तोवर कारण सापडले तर खेळ आहे तसा छापायचा, नाहीतर तट चारचा करून. आणि ते तिला मान्य नसेल तर खेळ परत घेऊन जायचा.

ती माझ्याकडे आली, कारण मी नोकरीची सारी वर्षे धातूंची परीक्षा करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काढली आहेत. तुटलेला भाग समोर ठेवायचा आणि तो का तुटला ते सांगायचे, असे ते काम.

"मावशी, खेळ चुकला असेल तर चुकला म्हण," ती म्हणाली. "पण नुसता तट कमी करून मला गप्प बसायचं नाही. दोन्ही बाजूंना सारखी संधी आहे, असं मी तीन वर्षं सगळ्यांना सांगतेय. ते खोटं असेल तर ते मला कळायला हवं."

मी तिला सांगितले की आपण एका वेळी एकच गोष्ट तपासायची, आणि कारण सापडेपर्यंत कोणाचे सांत्वन ऐकायचे नाही.

पुढले समजण्यासाठी खेळाचे थोडेसेच नियम माहीत असणे पुरेसे आहे. पटावर षटकोनी घरे आहेत. तपकिरी घरे म्हणजे रस्ते आणि गाडीवाटा. हिरवी घरे म्हणजे शहराभोवतीचे शिवार. सैन्याची सोंगटी एका खेळीत एक घर पुढे जाते, मग ते घर कोणत्याही रंगाचे असो. शहर दोन प्रकारे पडते: तट फुटला तर, किंवा कोठारातले धान्य संपले तर. मोहिमेच्या मध्यावर सुगी येते आणि शिवारातले धान्य कोठारात भरले जाते. ज्या हिरव्या घरात शत्रूचे सैन्य उतरले असेल तिथले पीक तुडवले जाते आणि त्या वर्षी तिथून काही येत नाही. फाशांचा उपयोग फक्त तटावरच्या चकमकीत होतो.

मी फाशांपासून सुरुवात केली. पाण्यात विरघळेल तितके मीठ घातले की प्लास्टिकचा फासा त्यात तरंगतो. तो एका बाजूला जड असेल तर कितीही टिचक्या मारल्या तरी तीच बाजू खाली जाते. नाशिकचे फासे प्रत्येक टिचकीला वेगळी बाजू दाखवत होते. मग पट. दोन्ही पट तेजस्विनीने हाताने केलेले होते, जाड पुठ्ठ्यावर खरखरीत कागद चिकटवून. तेव्हा एखादे घर कमीजास्त झाले असण्याची शक्यता होती. तिने शेखर यांच्याकडून पुण्याचा पट मागवून घेतला. मी दोन्ही पट पारदर्शक कागदावर गिरवून एकावर एक ठेवले. घरांची संख्या, रंग आणि जागा तंतोतंत जुळल्या.

मग माणसे. नाशिकचे खेळाडू रविवारी दुपारी मखमलाबादला हर्षलच्या घरच्या शेडमध्ये जमत. द्राक्षांचा हंगाम संपला की ती शेड रिकामी असते. पॅकिंगची लांब टेबले खेळाला सोयीची पडतात. हर्षल बँकेत नोकरी करतो आणि त्याचे घर अजून द्राक्षे आणि गुलाब काढते. सनी त्याचा मित्र. तो गावातला भाजीपाला टेम्पोने पंचवटीच्या बाजारात पोहोचवतो. संतोष सर शाळेत इतिहास शिकवतात. वेदिका वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी एक रविवार नुसते पाहिले आणि दुसऱ्या रविवारी खेळले. पाहिले तेव्हा शहर पडले नाही. खेळले तेव्हा मी हल्ला करणारी होते, तेव्हाही पडले नाही.

मंडळींकडे कारणांची कमतरता नव्हती. नाशिकच्या लोकांना हल्ला करणे जमत नाही, त्यांना द्राक्षे पिकवू द्यावीत, असा शेखर यांचा निरोप तेजस्विनीने इमानाने पोहोचवला. हर्षलने उलट निरोप दिला की पुण्यात शहर पडते याचे नवल नाही, ट्रॅफिक पाहता ते राखण्याची कोणाला इच्छा होणार. संतोष सरांनी रामशेजचा दाखला काढला. शेडच्या दारातून उत्तरेला तो डोंगर दिसतोच. एवढासा किल्ला, पण मुघलांच्या फौजा वर्षानुवर्षे पायथ्याशी बसल्या तरी तो वाकला नाही, तेव्हा हा मातीचा गुण आहे, असे त्यांचे मत होते. शेवटी तोही गेलाच, असे मी म्हटले. "फितुरीने गेला, बाई. लढून नाही," ते म्हणाले. पुठ्ठ्याच्या शहराला मातीचा गुण कसा लागतो, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.

मी कारणे बाजूला ठेवली आणि शहर पडते तेव्हा कसे पडते, हे पुण्याच्या खेळाडूंना फोनवर विचारले. उत्तर उपयोगी होते. पुण्यात तट फुटून शहर पडल्याचे कोणालाच आठवत नव्हते. प्रत्येक वेळी तट जवळजवळ शाबूत असताना कोठार रिकामे झाले होते. नाशिकमध्ये याच्या उलट दृश्य मी दोन्ही रविवारी पाहिले होते: हल्ला करणारा धापा टाकत तटाशी पोहोचतो, चार चकमकी होतात, पाऊस येतो, आणि कोठार काठोकाठ भरलेले असते.

याचा अर्थ तटाचा प्रश्नच नव्हता. शहर उपासमारीने पडत होते किंवा पडत नव्हते. अशा वेळी तट कमी करणे म्हणजे पोट दुखणाऱ्याचा दात काढण्यासारखे होते. तेजस्विनीला मी हे सांगितले तेव्हा तिचा चेहरा जरा उजळला, आणि शेखर यांना लगेच कळवू का, असे तिने विचारले. मी नको म्हटले. दुखणे कुठे आहे हे कळले होते. का आहे हे कळले नव्हते.

ते कळण्याची सुरुवात पट पुसताना झाली. पुण्याचा पट परत पाठवायचा होता. संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीखाली दोन्ही पट शेजारी ठेवून मी त्यांवरची धूळ झटकत होते आणि ऊन अगदी तिरपे येत होते. प्रयोगशाळेत घासलेला पृष्ठभाग आम्ही असाच तिरप्या उजेडात पाहत असू. वरून पाहिले तर सगळे सारखे दिसते, कडेने पाहिले की झीज उठून दिसते. पुण्याच्या पटावर झीज सगळीकडे होती. हिरव्या आणि तपकिरी घरांवर कागदाचा खरखरीतपणा सारखाच गेला होता आणि बोटांचा मेण लावल्यासारखा तुळतुळीतपणा आला होता. नाशिकच्या पटावर तपकिरी घरे गुळगुळीत झाली होती, आणि त्यांच्या मधली हिरवी घरे तेजस्विनीने कागद चिकटवला त्या दिवशी होती तशीच खरखरीत होती.

नाशिकमध्ये शिवारात कोणी कधी उतरलेच नव्हते.

पुढल्या रविवारी मी शेडमध्ये विचारले की हल्ल्याच्या वेळी तुम्ही हिरव्या घरांतून का जात नाही. सनी म्हणाला की जाता येत नाही. हर्षलही तेच म्हणाला. संतोष सरांच्या मते नियम तसा होता. मी वेदिकाला पुस्तिका मोठ्याने वाचायला सांगितली. सोंगटी कोणत्याही रंगाच्या घरात जाऊ शकते, हे वाक्य तिने वाचले, आणि पीक तुडवण्याचा नियमही वाचला.

"म्हणजे जाता येतं होय," सनी म्हणाला.

मीही त्यांच्यातलीच होते. नियम मी वाचलेला होता, आणि तरी माझ्या डावात मी वाटेनेच गेले होते.

त्यानंतर शेडमध्ये फार आनंद झाला. कारण सापडले, असे सर्वांनी ठरवले. आपण शेतकऱ्याची पोरे. उभ्या पिकात पाय घालायचा नाही हे आपल्या हाडात आहे. पुणेकरांना हिरवा रंग म्हणजे नुसता हिरवा रंग. हर्षलने टेबलावर थाप मारून हे दोनदा सांगितले. संतोष सर यावर वर्तमानपत्रात लिहायचे म्हणू लागले. तेजस्विनीच्या डोळ्यांत पाणी आले होते. खेळ चुकलेला नव्हता, आणि वर त्याने आपल्या माणसांविषयी काहीतरी चांगले सांगितले होते. तिने शेखर यांना फोन लावण्यासाठी मोबाइल काढला.

मी तिला थांबवले. ज्या स्पष्टीकरणाने ऐकणारे खूश होतात ते दुप्पट तपासावे, हा माझा नोकरीतला अनुभव आहे. शिवाय एक अडचण समोरच बसली होती. वेदिकाचे वडील दातांचे डॉक्टर आहेत. ती कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये वाढली. पिकात पाय घालू नये असे तिला कोणी सांगण्याचा प्रसंगच आला नव्हता, कारण तिच्या पायाजवळ पीक कधी आले नव्हते. तरीही तीसुद्धा प्रत्येक डावात वाटेनेच गेली होती.

"मी बाकीच्यांचं बघून गेले असेन," वेदिका म्हणाली.

हे शक्य होते. म्हणून ज्यांनी कोणाचे पाहिलेले नाही असे अस्सल शेतकरी हवे होते. हर्षलचे चुलते कारभारी आणि चुलती तानुबाई ओझरच्या अलीकडे राहतात आणि टोमॅटो, कोबी, मेथी काढतात. संध्याकाळी कारभारी ओट्यावर पत्ते खेळतात, तेव्हा पटाचे त्यांना वावडे नव्हते. मी नवा कोरा पट घेऊन गेले. तेजस्विनीला मुद्दाम घरी ठेवले, आणि हर्षलला ओट्याच्या खाली बसवून तोंड बंद ठेवायला सांगितले. मी फक्त पुस्तिका वाचली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि सोंगट्यांना हात लावला नाही. कारभारींनी शहर घेतले. तानुबाईंकडे हल्ला आला.

तानुबाईंनी पट नीट पाहिला. "हे हिरवं काय हाय?" त्यांनी विचारले.

शिवार, उभे पीक, असे मी वाचून दाखवले.

"कुणाचं?"

शहराचे, म्हणजे सध्या कारभारींचे, असे मी म्हटले.

"मग जाऊ दे त्यातून," तानुबाई म्हणाल्या, आणि सैन्य सरळ शिवारात घातले.

"अगं, सुगी तोंडावर आली माझी," कारभारी म्हणाले.

"म्हणून तर."

पहिल्या मोहिमेत तानुबाईंनी अर्धे शिवार तुडवले. दुसऱ्या मोहिमेत त्यांनी घाई न करता एकेक घर घेत सबंध शिवार संपवले, आणि पावसाच्या आधीच कोठार रिकामे झाले. मग शहर त्यांच्याकडे गेले आणि कारभारींनी सूड म्हणून तेच केले. ओट्याखालून हर्षल हे सगळे पाहत होता आणि त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. न राहवून त्याने विचारले की काकू, पिकातून जाताना काही वाटले नाही का.

"कागदाचं हाय ते," तानुबाई म्हणाल्या. "आमच्या टोमॅटोत पाय घालून बघ, मग काय वाटतं ते सांगते. आन लढाईला निघालेला माणूस बांधाबांधानं जातो व्हय रे? तू बँकेतच बरा."

शेतकऱ्याच्या हाडांचा सिद्धांत तिथे संपला. वेदिका शेतकरी नसून वाटेने गेली होती; तानुबाई शेतकरी असून पिकातून गेल्या होत्या. तेजस्विनीला मी हे सांगितले तेव्हा ती खचली. मुदत संपत आली होती आणि तिच्या हातातले एकमेव उत्तर मी काढून घेतले होते. शेखर यांना आपण तेच सांगितले असते तर त्यांनी मानले असते, असे ती म्हणाली. मानले असते हे खरे होते. पण खेळ बाजारात गेल्यावर कोण पीक तुडवेल आणि कोण टाळेल हे त्यांना सांगता आले नसते, आणि तिलाही नाही.

"मग वेदिका आणि सनी यांच्यात सारखं काय आहे?" तिने विचारले. "एक टेम्पो चालवतो, एक कोर्टात जाणार."

तो प्रश्न योग्य होता आणि त्याचे उत्तर विचारणारीच होती. नाशिकच्या प्रत्येक खेळाडूला खेळ तेजस्विनीने स्वतः, पटावर सोंगट्या चालवून शिकवला होता. मलाही. पुण्याला ती जाणार होती, पण ऐन वेळी तापाने पडली आणि खोका कुरिअरने गेला. तिथल्या लोकांनी पुस्तिका वाचून खेळ लावला. कारभारी आणि तानुबाई यांनाही मी पुस्तिकाच वाचून दाखवली होती.

मी तिला म्हटले की मला काहीच येत नाही असे समज आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून शिकव. ती तिच्या घरी, मखमलाबादलाच, ओसरीवर बसली. पुढ्यात पट मांडला. नियम सांगताना तिचा आवाज नेहमीसारखा होता. मी तिच्या तोंडाकडे नव्हे, बोटांकडे पाहत होते. "आणि काळं सैन्य असं शहराकडे येतं," असे म्हणत तिने सोंगटी उचलली, गाडीवाटेने नेली, शिवाराच्या कोपऱ्याशी आली, आणि तिचे बोट वळले. शिवाराला पुरता वळसा घालून सोंगटी वेशीशी ठेवली गेली.

अशीच का गेलीस, असे मी विचारले.

"जवळची वाट आहे ना."

मी तिला घरे मोजायला सांगितली. तिने ती मोजली. मग सरळ शिवारातून जाणारी मोजली. ती पुन्हा मोजायला लागली आणि मध्येच थांबली.

"पण नियम तर मीच लिहिलाय," ती म्हणाली. "पिकात जाता येतं हे मीच लिहिलंय, मावशी."

तिची आई, माझी थोरली बहीण लंकाताई, आतून हे ऐकत होती. यांच्या घरी झेंडू असतो. पोरगी चालायला लागली तेव्हापासून सरीत पाय पडला की पाठीत धपाटा मिळत असे, आता ती हात पटावर ठेवते म्हणून काय झाले, असे लंकाताईचे म्हणणे पडले. ते खरे असू शकेल. पण त्याच धपाट्यांवर वाढलेल्या इतर माणसांनी पटावरचे पीक बिनदिक्कत तुडवले, हेही मी पाहिले होते. तेजस्विनीचे बोट मुळात का वळले, हे तपासण्याचा मार्ग माझ्याकडे नाही, म्हणून ते मी कारणात धरत नाही. बोट वळते की नाही, आणि त्याने शहर वाचते की नाही, एवढे तपासता येण्यासारखे होते.

वेदिकाच्या कॉलेजातले दोन नवे गट आम्ही घेतले. कोणीच हा खेळ पाहिलेला नव्हता. दोघांनाही तेजस्विनीनेच शिकवायचे, तेच शब्द वापरायचे, फक्त एका गटाला दाखवायची पहिली चाल नेहमीची आणि दुसऱ्याला दाखवायची ती शिवारातून. हे ऐकायला सोपे होते. सराव करताना दोनदा ती शिवारातून जाते असे म्हणाली आणि तिचे बोट वळसा घालून गेले. तिसऱ्या वेळी तिने सोंगटी कोपऱ्यावर ठेवली, हात मागे घेतला, पुन्हा पुढे केला आणि हिरव्या घरात ठेवली.

पहिल्या गटाने वळशाची चाल पाहिली. त्यांच्या डावात सावरघाट पडले नाही आणि एका मुलाने शेवटी विचारले की हा खेळ इतका सावकाश का चालतो. दुसऱ्या गटाने शिवारातली चाल पाहिली. त्यांच्याकडे शहर दुसऱ्या मोहिमेत पडले, चौथीत परत गेले, आणि पाचवीत पुन्हा पडता पडता पावसाने वाचले. गट अदलाबदल करून आम्ही हे पुन्हा करून पाहिले. ज्यांनी आधी वळसा पाहिला होता त्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकवत शिवारातली चाल दाखवली, तेव्हा त्यांच्याकडेही शहर पडले. ज्यांनी शिवारातली चाल आधी पाहिली होती त्यांच्यावर मात्र नंतरच्या वळशाचा परिणाम झाला नाही. पिकातून जाता येते हे एकदा पाहिलेला माणूस ते विसरत नाही, एवढे त्यातून दिसले.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात तेजस्विनीने शेखर यांना फोन केला. मी शेजारी बसले होते. तिने खुलासा केला आणि बराच वेळ ऐकून घेतले. मग ती म्हणाली की हो, चूक माझीच, पण खेळात नाही, शिकवण्यात. तट सहाचाच राहील. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर नमुन्याची चाल चित्रासह द्यायची आणि ती शिवारातून जाणारी असायची, हे तिने स्वतः सुचवले. यापुढे कोणालाही हाताने शिकवणार नाही, असेही तिने सांगितले. शेखर यांनी काय घडले ते थोडक्यात लिहून मागितले, कारण उद्या दुसऱ्या गावातून अशीच तक्रार आली तर त्यांना उत्तर देता यायला हवे. तेजस्विनीने ते लिहिण्याचे काम माझ्यावर सोपवले. मी लिहिले ते असे.

नाशिकच्या खेळाडूंनी हा खेळ पुस्तिकेतून न शिकता तो तयार करणाऱ्या व्यक्तीच्या हातून शिकला. शिकवताना तिने सैन्य प्रत्येक वेळी शिवाराला वळसा घालून नेले. हे तिच्या लक्षात आले नव्हते. पाहणाऱ्यांनी तो वळसा नियम समजून उचलला आणि लेखी नियम वेगळा असूनही पाळला. वळशामुळे हल्ला करणारे सैन्य तटाशी उशिरा पोहोचत होते. पीक न तुडवले गेल्याने सुगीचे सर्व धान्य शहरात जात होते. या खेळात शहर भुकेने पडते. नाशिकमध्ये ते कधी भुकेले राहिले नाही, म्हणून ते पडले नाही.